रुपये आठ लाख फक्त

गरीब कोण, हे भारत सरकारला बरोबर माहीत आहे. ज्याच्या घरात वर्षाला 7,99,999 रुपये येतात तो गरीब. आठ लाख आले की संपली गरिबी. मधला एक रुपया कुठे जातो ते मला विचारू नका, दाखला काढायला गेलात की कळेल.

हा आठ लाखांचा आकडा मोठा कष्टाळू. एकाच वेळी दोन नोकऱ्या करतो. सकाळी तो ओबीसींच्या आरक्षणाच्या दारात उभा असतो. तिथे त्याचं काम बाहेर काढायचं. आठ लाख झाले का? मग तुम्ही क्रीमी लेअर, पिढ्यांचं मागासलेपण फिटलं, निघा. दुपारी तो खुल्या वर्गाच्या दारात जातो. तिथे काम आत बोलावण्याचं. आठ लाख व्हायचेत ना अजून? अरेरे, म्हणजे तुम्ही आर्थिकदृष्ट्या दुर्बल, या, या. जो आकडा एका घराला 'तुमचं जेवण झालंय, उठा पानावरून' म्हणतो, तोच शेजारच्या घराला 'उपाशी दिसताय, बसून घ्या' म्हणतो. आणि याला म्हणायचं कायद्यापुढे समानता. असेल बुवा. आकडा तरी समान आहे.

आठ लाख म्हणजे महिन्याला साधारण 66,666 रुपये. एवढं मिळवणाऱ्याला दुर्बल म्हणणाऱ्या केंद्र आणि राज्य सरकारांच्या बाकीच्या खिडक्यांवर एक चक्कर मारा. महाराष्ट्रात रेशनच्या प्राधान्य यादीत नाव हवं तर गावातल्या घराचं वर्षाचं उत्पन्न 44,000 च्या आत पाहिजे, शहरात 59,000 च्या. केशरी कार्डाची हद्द एक लाख. लाडकी बहीण अडीच लाखांच्या पुढे लाडकी राहत नाही. अनुसूचित जातीच्या पोराला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हवी तर तिथेही अडीच लाख. त्यावर गेला तर महाराष्ट्रात फी तेवढी माफ होते, निर्वाहभत्ता बंद. म्हणजे 50,000 मिळवणारं खेड्यातलं घर प्राधान्याच्या गव्हासाठी पुरेसं गरीब नाही, आणि साडेसात लाखांचं शहरी घर आयआयटीच्या राखीव जागेसाठी पुरेसं गरीब आहे. रोजगार हमीवर 2025-26 साली महाराष्ट्रात दिवसाला 312 रुपये मिळत होते. आठ लाख गाठायचे तर त्या मजुराने एकही सुट्टी न घेता सात वर्षं खड्डे खणावेत. कायदा घरटी हमी देत होता 100 दिवसांची.

मग आला कुठून हा आकडा? त्याची जन्मकथा फार सुरस आहे.

मंडल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 16 नोव्हेंबर 1992 रोजी ओबीसींचं 27 टक्के आरक्षण मान्य केलं, पण त्यांच्यातल्या वरच्या थराला वगळा म्हणून सांगितलं. सप्टेंबर 1993 मध्ये केंद्राने त्याचे नियम केले आणि मर्यादा ठेवली एक लाख. दर तीन वर्षांनी ती पाहायची असं ठरलं होतं. सरकारी तीन वर्षं तुम्हाला माहीतच आहेत. 2004 मध्ये अडीच लाख, 2008 मध्ये साडेचार, 2013 मध्ये सहा, 2017 मध्ये आठ. विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, ऑक्टोबर 2024 मध्ये, महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाला एकदम आठवण झाली आणि हे आठ लाख पंधरा करा अशी शिफारस त्याने केंद्राकडे धाडली. निवडणुकीच्या हवेत शिफारशींना मोहोर येतो. फळ धरतंच असं नाही.

ही झाली ओबीसींची बाजू. दुसरी बाजू जानेवारी 2019 ची. 8 तारखेला लोकसभेने खुल्या वर्गातल्या दुर्बलांना 10 टक्के आरक्षण देणारी 103 वी घटनादुरुस्ती मंजूर केली, 323 विरुद्ध 3. 9 तारखेला राज्यसभेने, 165 विरुद्ध 7. 12 ला राष्ट्रपतींची सही. 17 तारखेला दुर्बल कोण हे सांगणारा सरकारी कागद तयार, आणि त्यात आकडा कोणता? आठ लाख. इतक्या घाईत नवीन आकडा कोण शोधणार? कपाटात एक होताच.

ही नक्कल असल्याची शंका माझी एकट्याची नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात चालू असताना न्यायमूर्तींनीच सरकारला विचारलं, की आठ लाख ठरवण्यासाठी तुम्ही काही अभ्यास केला होता का? ओबीसी हे सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास, खुल्या वर्गातले तसे नाहीत, मग दोघांना मर्यादा एकच कशी? सरकारने घसा खाकरला, मुदत मागितली आणि 30 नोव्हेंबरला तीन जणांची समिती नेमली. माजी अर्थसचिव अजय भूषण पांडे तिचे प्रमुख. समितीने महिन्याभरात, 31 डिसेंबरला, अहवाल दिला. निष्कर्ष: आठ लाख अगदी योग्य. वर्गात काही पोरं उत्तर आधी मागच्या पानावर पाहतात आणि मग रीत लिहितात. त्यांना बाई छडी द्यायच्या.

समितीचा एक मुद्दा मात्र खरा आहे आणि तो सांगितला पाहिजे. दोन्हीकडे आकडा एक असला तरी मोजणी वेगळी. खुल्या वर्गात घरातला पगार, शेती, धंदा, सगळं मागच्या एका वर्षाचं धरतात. ओबीसींच्या क्रीमी लेअरच्या चाचणीत सलग तीन वर्षं पाहतात, आणि 1993 च्या नियमाप्रमाणे पगार व शेतीचं उत्पन्न त्यात मिळवतच नाहीत. सरकारी नोकरीत तिथे हुद्दा बघतात. बाप वर्ग एकचा अधिकारी असला की पोरगं क्रीमी. आई-बाप दोघंही तृतीय श्रेणीत चिकटून निवृत्त होईपर्यंत पगार वाढवत गेले, दोघांचे मिळून आठाचे चौदा लाख झाले, तरी पोरगं नॉन-क्रीमी. नियमाला धरून, एकही खोटा कागद न जोडता. याच्यावर ओबीसी नेते सभेत फारसे बोलत नाहीत. बोललं तर पहिल्या रांगेतली अर्धी माणसं उठून जातील.

तेव्हा समिती म्हणते ते बरोबर, दुर्बलांची चाळणी थोडी बारीक आहे. पण चाळणी बारीक आहे म्हणून आकडा आपोआप खरा होत नाही. 2011 च्या सामाजिक, आर्थिक आणि जात गणनेत निघालं होतं, की देशातल्या जवळपास 75 टक्के ग्रामीण कुटुंबांत सगळ्यात जास्त कमावणारा माणूसही महिन्याला 5,000 च्या खाली होता. महागाई धरा, पगारवाढ धरा, वाटल्यास मामाने पाठवलेले पैसे धरा. 66,666 पर्यंत पोचायला तरी फार धरावं लागतं. ज्या रेषेच्या खाली जवळपास सगळा देशच येतो, ती रेषा निवडत काय असेल?

नियमातली शेतीची आणि घराची कलमं तर कोणाच्या तरी गच्चीत बसून लिहिलेली वाटतात. केंद्राच्या 2019 च्या निकषांप्रमाणे उत्पन्न कितीही कमी असो, घरात पाच एकर किंवा जास्त शेतजमीन असली की तुम्ही दुर्बल नाही. 1,000 चौरस फुटांचा किंवा त्याहून मोठा फ्लॅट असला तरी नाही. आता नकाशा काढा. जत तालुक्यात सहा एकर कोरडवाहू, पाऊस आला तर बाजरी आणि नाही आला तर ऊसतोड. हा सबळ. विलेपार्ल्यात 950 चौरस फूट, बाजारभाव कोटींत, घरात निवृत्त आजोबा आणि एक बेताचा पगार. हा दुर्बल. कागलच्या बागायती सहा एकरांना आणि जतच्या सहा एकरांना कायद्याने समान वागणूक दिली हे मात्र कबूल. पांडे समितीला यात काही खटकलं असेल असं तुम्हाला वाटेल. खटकलं. घराची अट पूर्ण काढून टाका, असं तिने सुचवलं. पाच एकरांची ठेवा.

आता खुल्या वर्गातले गरीब. आहेत का? आहेतच. हे नाकारणाऱ्याने सकाळी सात वाजता पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीच्या मागच्या जिन्यावर उभं राहावं. चार घरच्या पोळ्या लाटणाऱ्या काकू असतात. गावच्या देवळात दक्षिणेवर जगणारे भटजीही असतात. रात्रपाळीचा वॉचमन असतो, त्याचं आडनाव ऐकून तुम्ही त्याला वतनदार समजाल. यांच्या पोरांना हात दिला पाहिजे याबद्दल माझं काडीचंही दुमत नाही.

म्हणूनच आठ लाखांचा राग येतो. काकूंच्या घरात वर्षाला दीड लाख येतात. पोरगी हुशार आहे, नगरपालिकेच्या शाळेतून वर आली, बारावीला कॉलेजच्या नोट्स आणि मैत्रिणीची जुनी पुस्तकं. ती दहा टक्क्यांच्या रांगेत उभी राहते तेव्हा पुढे कोण असतो? 7 लाख 80 हजारांच्या घरातला मुलगा. अकरावीपासून लातूरला किंवा कोट्याला क्लास, खोली, मेस, टेस्ट सिरीज, आणि वर्ष गेलं तर ड्रॉप घेण्याची ऐपत. दोघांचा दाखला एकाच रंगाचा, रांग एकच, आणि रांगेत क्रम गुणांचा. जागा कोणाला जाणार हे सांगायला ज्योतिषी नको. काकूंच्या पोरीच्या नावावर कायदा झाला, तिचा चेहरा भाषणात दाखवला, आणि जागा वरच्या मजल्यावर पोचली. मर्यादा तीन लाखांवर असती तर तो मुलगा तिच्या वाटेत आलाच नसता. ही तक्रार कोणा ओबीसीने किंवा दलिताने करायची नाहीच. ती खुल्या वर्गातल्या गरिबाने आपल्याच खुल्या वर्गातल्या पोट भरलेल्यांविरुद्ध करायची आहे. एकही मोर्चा निघाला नाही. काकूंना सुट्टी नसते.

महाराष्ट्रात तर या दाखल्यांचं एक वेगळंच नाट्य चालू आहे. मराठा समाजाला 2018 साली 16 टक्के मिळाले, 5 मे 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. मग ती पोरं दुर्बलांच्या 10 टक्क्यांत आली. फेब्रुवारी 2024 मध्ये पुन्हा नवा कायदा, 10 टक्के. सप्टेंबर 2025 मध्ये कुणबी नोंदींसाठी हैदराबाद गॅझेटचा आधार घेणारा शासन निर्णय. आज एकाच घरातला मुलगा मुंबईच्या भरतीसाठी सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास असतो, दिल्लीच्या भरतीसाठी आर्थिकदृष्ट्या दुर्बल असतो, आणि पणजोबांच्या नावापुढे कुणबी सापडलं तर संध्याकाळपर्यंत ओबीसी होऊ शकतो. तिन्ही दाखले एकाच सरकारचे. तिन्ही ठिकाणी तेच आठ लाख. कुठे ते दाराच्या आत, कुठे बाहेर. मुलाची अभ्यासाची वर्षं कुठल्या रांगेत गेली हे त्याच्या आईला विचारा.

आणि आरक्षणाने ओलांडू नये अशी ती पन्नास टक्क्यांची प्रसिद्ध रेषा. म्हैसूरच्या बालाजी प्रकरणात 1962 साली ती पहिल्यांदा आखली गेली, 1992 मध्ये मंडल निकालाने ठळक केली. महाराष्ट्रात वेगवेगळ्या मागास प्रवर्गांचे 13, 7, 11, 19 आणि 2 मिळून 52 टक्के आधीपासूनच आहेत, त्याकडे कोणी फार बारकाईने पाहत नाही. मराठा आरक्षणाच्या वेळी, मे 2021 मध्ये, ही रेषा दगडावरची होती. नोव्हेंबर 2022 मध्ये दुर्बलांच्या 10 टक्क्यांची वेळ आली तेव्हा तीन न्यायमूर्तींच्या बहुमताने सांगितलं, की ती लवचीक नाही असं नाही, आणि तशीही ती मागासवर्गीयांच्या आरक्षणापुरतीच आहे. मध्ये गेले अठरा महिने. रेषा तीच, फक्त कोण ओलांडतंय ते बदललं.

गुणवत्तेच्या नावाने गळा काढणाऱ्यांसाठी एक छोटी नोंद. खासगी व्यावसायिक महाविद्यालयांतल्या 15 टक्क्यांपर्यंत जागा अनिवासी भारतीयांसाठी ठेवायला 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने इनामदार प्रकरणात मुभा दिली. प्रकरण आपल्या महाराष्ट्रातूनच गेलं होतं. त्या जागांनाही उत्पन्नाची मर्यादा आहे, पण ती खालून आहे. त्याविरुद्ध समानतेच्या हक्काचं एकही व्हॉट्सअॅप फॉरवर्ड आजवर माझ्याकडे आलेलं नाही. तुमच्याकडे आलं असेल तर पाठवा, जपून ठेवीन.

शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 च्या हुकुमाने कोल्हापूर संस्थानात मागासांसाठी निम्म्या जागा ठेवल्या तेव्हा त्यात पगाराचा रकाना नव्हता. कोणत्या जाती पुढारलेल्या आणि म्हणून या तरतुदीबाहेर, हे त्यांनी नावं घेऊन लिहिलं होतं. नोकऱ्यांत कोण बसलंय हे त्यांनी दरबारात डोळ्यांनी पाहिलं होतं. आज महाराष्ट्रात खुल्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना फी परत देणारी योजना आहे. तिची उत्पन्नमर्यादा आठ लाख आणि तिला नाव दिलंय राजर्षी शाहू महाराजांचं. योजना चांगली आहे, फी कोणाची का असेना, भरली जावी. पण नाव देताना कुणाला हसू कसं आवरलं असेल?

राहिला शेवटचा आणि सगळ्यात अवघड गट. दुर्बलांच्या या 10 टक्क्यांत अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींतला गरीब येऊ शकत नाही. कितीही दुर्बल असो. मेळघाटातला कोरकू, वर्षाला 40,000 मिळवणारा, कायद्याच्या भाषेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल नाही. त्याला म्हणे त्याचं आरक्षण आहे. ठीक. मग या 10 टक्क्यांना 'आर्थिक' कशाला म्हणायचं? आर्थिक निकष हा खिशाकडे बघतो, जातीकडे नाही, असं कौतुकाने सांगत होतात ना? हा निकष आधी जात बघतो, ती पुढची आहे याची खात्री करून घेतो, आणि मगच खिसा चाचपतो. जातीवर आधारलेलं आरक्षण नको म्हणणाऱ्यांना देशातलं सगळ्यात कडक जातीवर आधारलेलं आरक्षण मिळालं, आणि त्यांनी पेढे वाटले.

या 10 टक्क्यांसाठी सरकार आर्थिक मागासांवरच्या ज्या सिन्हो आयोगाच्या 2010 च्या अहवालाचा हवाला देत होतं, त्यातलेच आकडे आहेत. दारिद्र्यरेषेखाली अनुसूचित जमातींतले सुमारे 48 टक्के, अनुसूचित जातींतले 38, ओबीसींतले 33 आणि खुल्या वर्गातले 18. म्हणजे जिथे गरिबी सगळ्यात दाट, तिथलेच लोक गरिबीच्या आरक्षणातून बाद. न्या. रवींद्र भट यांनी हेच आकडे 7 नोव्हेंबर 2022 च्या आपल्या विरोधी निकालपत्रात मांडले आणि ही वगळणूक समानतेच्या गाभ्यालाच धक्का देते असं लिहिलं. सरन्यायाधीश उदय लळित त्यांच्याशी सहमत होते. लळितांचा तो कामकाजाचा शेवटचा दिवस होता. दोघं अल्पमतात गेले, तीन विरुद्ध दोन. मे 2023 मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या.

तेव्हा माझा निकाल साधा आहे. गरिबीसाठी जागा ठेवायच्या तर सगळ्या जातींच्या गरिबांसाठी ठेवा, आणि गरिबीची रेषा अशी आखा की तिच्याखाली गरीबच सापडतील. आकडा बदलायला तर संसदेचीही गरज नाही. दुर्बल कोण हे सरकारने वेळोवेळी अधिसूचित करावं असं घटनेतच लिहिलंय, एका कार्यालयीन कागदात आठाचे तीन होतात. वगळलेल्यांना आत घ्यायचं असेल तर मात्र घटनादुरुस्ती लागेल. ते फार वेळखाऊ काम आहे असं कोणी सांगितलं, तर त्यांना 8 आणि 9 जानेवारी 2019 या तारखा सांगा. दोन दिवस लागले होते.